नव्वदीची हिट गाणी : पाहिलेली किती, गायलेली किती?

आजचा विषय कळल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला फोन करून विचारलं, "अहो, इंडिपॉपवर तासभर बोलण्यासारखं आहे काय?" मी म्हटलं, "तुम्ही या तर खरं." ते आलेत, समोरच बसलेत. तेव्हा जपून बोलायला हवं.

आपण १९९० ते २००० या दशकातल्या बिगरफिल्मी हिंदी पॉप गाण्यांबद्दल बोलणार आहोत. यादी तुम्हाला पाठ असेल. बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी', अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा', लकी अलीचं 'ओ सनम', फाल्गुनी पाठकचं 'चूडी जो खनकी', केकेचं 'यारों'. ही सगळी हिट. पण हिट म्हणजे काय, हे कोणी ठरवलं?

अमेरिकेत बिलबोर्डची यादी होती. तिथे १९९१ पासून दुकानातल्या विक्रीची संगणकावर नोंद घेऊन क्रम लावू लागले. आपल्याकडे तसं काही नव्हतं. कॅसेट किती खपल्या हे कंपनी सांगणार, आणि रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या नकली कॅसेट कोण मोजणार? मग आपल्याला गाणं हिट झाल्याचं कळायचं कसं? टीव्हीवरून. १९९४ मध्ये चॅनल व्ही आलं, १९९६ मध्ये एमटीव्ही स्वतंत्रपणे परत आलं, आणि दिवसातून दहादा दिसणारं गाणं म्हणजे हिट गाणं, असा हिशेब झाला.

इथेच माझा मुद्दा सुरू होतो. त्या दशकातली पुष्कळशी हिट गाणी आपण ऐकली कमी आणि पाहिली जास्त.

'मेड इन इंडिया' घ्या. साल १९९५. दुकानात परदेशी माल नुकता उघडपणे दिसू लागला होता, आणि मालावरचा शिक्का हाच गाण्याचा मुखडा झाला. व्हिडिओत राणी झालेली अलिशा देशोदेशीचे उमेदवार नाकारते आणि शेवटी पेटीतून मिलिंद सोमण बाहेर येतो. म्हणजे स्वयंवर आहे, पण नवरदेव पार्सलने आलाय! यात गंमत आहे आणि धीटपणाही आहे. निवड बाई करते आहे आणि न्याहाळला जातोय पुरुष. हिंदी पडद्यावर हे तेव्हा सहसा दिसत नव्हतं. संगीतकार बिद्दू मूळचे बंगळूरचे, पण नाव कमावलं लंडनमध्ये. १९७४ चं 'कुंग फू फायटिंग' त्यांनीच केलेलं. तेव्हा हा 'भारतीय बनावटीचा' माल थोडा लंडन मार्गे आलेला होता, बरं का.

आता मला सांगा, या गाण्याचा दुसरा अंतरा कोणाला येतो? (हशा.) बघा. पेटी सगळ्यांना आठवते, अंतरा कोणालाच नाही.

याउलट गेल्या मे महिन्यात एका लग्नाला गेलो होतो. वरातीत बँडवाल्यांनी 'बोलो ता रा रा' धरलं. वाजवणारी पोरं वीस-बावीस वर्षांची, म्हणजे ते गाणं आलं तेव्हा जन्मलेलीही नव्हती. त्यांनी व्हिडिओ पाहिला असेल-नसेल, पण हे वाजलं की लोक नाचतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. फाल्गुनी पाठकचं तेच. मुंबईत नवरात्र आलं की तिची गाणी परत येतात. 'ओ सनम' वसतिगृहाच्या गच्चीवर टिकलं. गिटार नुकती शिकू लागलेल्या पोरालाही ते जमतं, आणि लकी अलीचा आवाज इतका घरगुती आहे की आपला आवाजही चालेल असं वाटतं. १९९९ चं 'यारों' कॉलेजच्या निरोपसमारंभात जाऊन बसलं.

म्हणून मी म्हणतो, वाहिनी गाणं हिट करते, पण टिकवतो तो प्रसंग. आपल्या भावगीतांना रेडिओ होता, गणेशोत्सवातले कार्यक्रम होते. फिल्मी गाण्याला सिनेमा असतो. पॉप गाण्याला फक्त टीव्ही होता. पुढे वाहिन्यांचा वेळ सिनेमांच्या जाहिरातींनी भरला, तेव्हा ज्या गाण्यांनी वरात, गरबा, गच्ची असं कुठलं तरी घर शोधलं होतं तीच उरली.

माझ्या या कसोटीत एक खोट आहे, ती मीच सांगतो. कलोनियल कझिन्सचा १९९६ चा अल्बम घ्या. हरिहरन आणि लेस्ली लुईस यांनी व्यासतीर्थांचं जुनं कन्नड पद इंग्रजी गाण्याशेजारी ठेवलं, आणि ते ठिगळ वाटत नाही. माझ्या मते त्या दशकातलं हे फार मोलाचं काम आहे. पण वरातीत ते वाजणार नाही, आणि हरिहरनांच्या त्या जागा आपल्या गळ्यातून निघणार नाहीत. तेव्हा टिकलं तेच चांगलं, असं मी म्हणत नाही. जे नुसतं ऐकायचं असतं त्याला श्रोता सांभाळावा लागतो, आणि तिथे आपण कमी पडलो.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पार्श्वगायनात आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. नव्वदीत काही वर्षं गाणाऱ्याला स्वतःचा चेहरा मिळाला. दलेरने तर १९९८ च्या 'तुनक तुनक तुन' मध्ये पडद्यावर दुसरं कोणी ठेवलंच नाही. चार दलेर, चौघंही तोच. पुढे काय झालं? २००० मध्ये लकी अलीचा आवाज हृतिक रोशनच्या तोंडी गेला. २००५ मध्ये अलिशाने 'कजरा रे' गायलं. फार सुंदर गायलं. पण डोळे मिटले की ऐश्वर्या राय दिसते. दहा वर्षांपूर्वी डोळे मिटल्यावर अलिशा दिसायची.

इंडिपॉप संपलं म्हणतात. आवाज संपले नाहीत, ते पुन्हा पडद्यामागे गेले. गमावलं असेल तर ते हे गमावलं.

घरी गेल्यावर एक करा. नव्वदीतलं तुमचं आवडतं गाणं व्हिडिओ न लावता, नुसतं आठवून म्हणून बघा. जेवढं म्हणता येईल तेवढं तुमचं. बाकीचं टीव्हीचं होतं.

समोरचे स्नेही मघापासून मान डोलावत आहेत. ती संमती आहे की झोप, हे प्रश्नोत्तरांत कळेलच.