सेनुआच्या कानातले आवाज

दिवाळीच्या सुट्टीत भाचा दुधनीला आला तो संगणक आणि हेडफोन घेऊनच. ‘हेलब्लेड : सेनुआज् सॅक्रिफाइस’ हा व्हिडिओ गेम मी खेळावा, असा त्याचा हट्ट होता. त्यामागचे कारण मी जाणून होतो. त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, अखेरची पंधरा वर्षे असेच आवाज ऐकू येत असत.

केंब्रिजच्या निंजा थिअरी या कंपनीने २०१७ साली हा गेम काढला. सेनुआ ही ऑर्कनी बेटांवरील पिक्ट जमातीची योद्धा. मारल्या गेलेल्या प्रियकराच्या आत्म्यासाठी ती नॉर्स लोकांच्या पाताळात उतरते. तिच्या कानांत आवाजांचा कोलाहल अखंड चाललेला असतो. केंब्रिज विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि असे आवाज प्रत्यक्ष ऐकणारी माणसे यांच्या साहाय्याने तो रचला आहे. एक आवाज उजव्या खांद्यामागून हिणवतो, दुसरा डाव्या कानाशी धीर देतो. दहा मिनिटांत मी हेडफोन काढून मागे वळून पाहिले. जेवताना आईचा हात मध्येच का थांबे, ती दाराकडे का पाही, हे इतक्या वर्षांनी माझ्या ध्यानी आले. एवढे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु गेम नुसता ऐकायचा नसतो, खेळायचा असतो. आणि तेथेच निराशा पदरी येते. बंद दार उघडण्यासाठी झाडे, तुळया, सावल्या यांतून ठरावीक अक्षराकृती शोधावी लागते. असंबद्ध वस्तूंत संकेत दिसणे हे या आजाराचे लक्षणच, म्हणून कल्पना प्रथम चपखल वाटते. पण येथे प्रत्येक संकेत खरा ठरतो, प्रत्येक दार उघडते. आईला दिसलेल्या संकेतांनी एकही दार उघडले नाही. लढायांतही तेच. पाठीमागून शत्रू आला की आवाज सेनुआला सावध करतात! असे उपयोगी आवाज आमच्या घरी कधी आले नाहीत. शेवटी तलवार खाली ठेवल्यावरच कथा पुढे सरकते, हे खरे. पण तोवर सात-आठ तास आपण तीच चालवलेली असते.

आणखी एक खटकते. हरत गेलात तर सेनुआच्या हातावरचा काळा डाग डोक्यापर्यंत चढेल आणि सारा खेळ पुसला जाईल, अशी धमकी आरंभी मिळते. ती पोकळ असल्याचे पुढे उघड झाले. खेळणाऱ्याला रोग्याची भीती अनुभवता यावी म्हणून ही युक्ती, असे तिचे समर्थन करता येईल. पण आपल्याला कोणीतरी बाहेरून फसवते आहे, ही तर रोग्याची समजूत. ती खरी ठरवून काय साधले?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) अतुल कुलकर्णींच्या शेषइतकीच त्याची बहीणही आपल्याला दिसते, तिचे थकणेही दिसते. सेनुआभोवती जिवंत माणूस नाही. तिच्या आजाराला शाप ठरवणारा बाप आहे, तोही बहुतांशी आठवणीत. तो प्रसंग मात्र मला सहन झाला नाही. आईच्या अंगात काही शिरले आहे म्हणून आम्हीही आधी प्रार्थना केल्या, उपास धरले. औषध फार उशिरा सुरू झाले.

माझ्या बहिणीने हा गेम अद्याप पाहिलेला नाही. भाचा जाताना म्हणाला, “मामा, आईला पहिली दहा मिनिटे नुसती ऐकवू. खेळायला नको सांगायला.”