घट्ट पिन आणि सैल पिन : जोडणीच्या खेळण्यांतील घर्षणाची शैक्षणिक समीक्षा
(विशेष संदर्भ : वाशीम जिल्हा)

प्रस्तावना

जोडणीच्या खेळण्यांची चर्चा शिक्षणक्षेत्रात बहुधा त्यांतील भागांच्या संख्येवरून, किमतीवरून किंवा त्यांपासून किती प्रतिकृती तयार होतात यावरून केली जाते. दोन भाग जेथे एकत्र येतात तो सांधा आणि तो सांधणारी पिन यांकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः अशा खेळण्याचे शैक्षणिक मर्म सांध्यातच असते. पट्ट्या, चाके, दंड हे भाग सर्व संचांत थोड्याफार फरकाने सारखेच आढळतात. ते एकमेकांना किती घट्ट धरतात आणि एकमेकांभोवती किती मोकळे फिरतात, यावरून एका संचाचा स्वभाव दुसऱ्याहून वेगळा ठरतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर खेळण्यांवर आधारित अध्यापनाला अधिकृत स्थान मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये या विषयावर शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. त्यापूर्वी, २०१६ पासून, अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू झालेली होती. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. अशा जिल्ह्यातील शाळेत शैक्षणिक साहित्यावर होणारा प्रत्येक खर्च विचारपूर्वक व्हावा, हे उघड आहे. म्हणून कोणता संच मुलाला काय शिकवतो आणि काय त्याच्यापासून लपवून ठेवतो, याची चिकित्सा आवश्यक ठरते.

सांध्याची दोन कामे

पिनेला दोन कामे करावी लागतात. पहिले काम म्हणजे भाग निसटू न देणे आणि दुसरे म्हणजे ते फिरू देणे किंवा न देणे. ही दोन्ही कामे सामान्यतः एकच समजली जातात. प्रत्यक्षात ती परस्परांहून भिन्न आहेत. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाके लावलेला लाकडी बैल घेऊन निघतात. त्या बैलाच्या चाकाची दांडी चौकटीत घट्ट बसवलेली असेल, तर चाकाचे भोक तिच्यापेक्षा किंचित मोठे ठेवावे लागते आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला अडसर द्यावा लागतो. एकच दांडी एका ठिकाणी घट्ट आणि दुसऱ्या ठिकाणी सैल असते. सुताराला हा भेद शिकवावा लागत नाही. जोडणीच्या तयार संचात मात्र तो निर्मात्याने आधीच करून ठेवलेला असतो, आणि समीक्षेचा प्रारंभ तेथूनच व्हावयास हवा.

घर्षणाचे जे नियम आमोंतों याने १६९९ मध्ये मांडले आणि कुलोंब याने १७८५ मध्ये अधिक पद्धतशीर केले, त्यांनुसार घर्षणबल हे दोन पृष्ठभागांमधील दाबाच्या प्रमाणात असते. सपाटीवर ठेवलेल्या वस्तूच्या बाबतीत हा दाब तिच्या वजनामुळे निर्माण होतो. घट्ट पिनेच्या बाबतीत तो वजनावर अवलंबून नसतो. पिन भोकापेक्षा किंचित जाड असते, भोकात शिरताना ती दबते आणि पूर्ववत होण्याच्या तिच्या प्रयत्नातून भोकाच्या भिंतीवर दाब पडतो. म्हणजेच घट्ट पिन स्वतःच्या घर्षणाला लागणारा दाब स्वतःच निर्माण करते. त्यामुळे जाडीतील अत्यल्प फरकही बोटांना स्पष्ट जाणवतो.

मेकॅनो ते टेक्निक

फ्रँक हॉर्नबी याने लिव्हरपूल येथे १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या आणि १९०७ पासून 'मेकॅनो' या नावाने प्रसिद्ध झालेल्या संचात अर्ध्या इंचाच्या अंतरावर भोके असलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट होते. भारतात याच पद्धतीचे धातूचे संच 'मेकॅनिक्स' या नावाने अनेक घरांत पोहोचले. या संचांत घट्ट व सैल असे बोल्टचे दोन प्रकार नसतात. पट्टी स्थिर हवी असेल तर नट आवळायचा. पट्टी हलती हवी असेल तर बोल्टवर दोन नट चढवायचे, पट्टीला थोडी मोकळीक ठेवायची आणि दोन्ही नट परस्परांवर आवळायचे. एकाच बोल्टपासून दोन स्वभावांचे सांधे तयार होतात आणि तो निर्णय मुलाच्या हातात राहतो. काम किचकट आहे, लहान बोटांना पाना व पेचकस आवरत नाही, हा आक्षेप खरा आहे. तथापि सांधा घट्ट का झाला हे मुलाला कळते, कारण तो त्यानेच घट्ट केलेला असतो.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७७ मध्ये बाजारात आणलेल्या आणि पुढे 'टेक्निक' या नावाने ओळखल्या गेलेल्या मालिकेने हा निर्णय पिनेकडे सोपवला. तेथे बाजूला भोके असलेल्या पट्ट्या असून लगतच्या दोन भोकांतील अंतर ८ मिलिमीटर आहे. त्यांत बसणारी राखाडी पिन गुळगुळीत असते व मोकळी फिरते. काळ्या पिनेच्या अंगावर बारीक उभार असतात. ते भोकाच्या भिंतीला दाबून धरतात आणि पिन जड फिरते. एका बाजूस पिन व दुसऱ्या बाजूस आस असलेल्या भागातही हाच भेद निळ्या व फिकट पिवळट-तपकिरी रंगांनी दर्शविला जातो. येथील रंग शोभेसाठी नाही, तो सांध्याचा स्वभाव सांगतो. राखाडी पिनेच्या टोकालाही चीर आणि कड असते. भोकातून बाहेर पडताच ती कड अडकते, म्हणून मोकळी फिरत असूनही ही पिन सहजी निसटत नाही. धरून ठेवणे आणि फिरू न देणे ही दोन कामे येथे नेमकी वेगळी केलेली दिसतात. अभियांत्रिकी दृष्टीने ही या संचाची मोठी सिद्धी होय.

चौकोनाची कसोटी

तरीही या सिद्धीची एक शैक्षणिक किंमत आहे. चार पट्ट्या चार कोपऱ्यांवर प्रत्येकी एका पिनेने जोडून चौकोन तयार केला आणि राखाडी पिना वापरल्या, तर तो बोटाच्या स्पर्शाने कलतो. त्याच पट्ट्यांचा त्रिकोण केला तर तो कलत नाही, कारण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचे कोन बदलू शकत नाहीत. मोकळी पिन मुलाला भूमितीचे सत्य विनाविलंब सांगते. चौकोन उभा ठेवायचा असेल तर त्याला कर्ण द्यावा लागतो. हे ज्ञान गावात सर्वत्र विखुरलेले आहे. शेताच्या फाटकाला ठोकलेली तिरपी पट्टी आणि टिनाच्या छपराखालची कैची ही त्याची उदाहरणे होत. सैल झालेली बाज हेलकावू लागते, तेव्हा तिच्या चौकटीला कर्ण नाही हेच दिसून येते.

काळ्या पिना वापरल्यास हाच चौकोन उभा राहतो. मूल समाधानी होते आणि पुढे जाते. चौकोन स्वभावतः स्थिर असतो, असा त्याचा समज होण्यास पूर्ण वाव राहतो. हा समज कोठे फसतो हे साध्या गणिताने दाखवता येते. खालची पट्टी पक्की धरून वरच्या पट्टीला आडवे ढकलले असता चौकट चारही सांध्यांत सारख्याच कोनातून वळते. म्हणून ढकलणारे बल आणि चौकटीची उंची यांचा गुणाकार चार सांध्यांच्या एकत्रित विरोधापेक्षा जास्त झाला की चौकोन कोसळतो. उंची दुप्पट केली तर निम्मे बल पुरते. पिना त्याच राहतात आणि प्रतिकृती मोठी होत जाते, तेव्हा घर्षणाच्या भरवशावर उभी असलेली रचना आपोआप दुबळी होत जाते. त्रिकोणाची स्थिरता मात्र पिनेच्या घर्षणावर अवलंबून नसते.

यावरून घट्ट पिन सदोष आहे असे म्हणता येणार नाही. यंत्राचा हात उचललेल्या जागी थांबवणे, झाकण अर्धे उघडे ठेवणे, बाहुलीची मान वळवून तशीच राखणे ही कामे घर्षणाशिवाय होत नाहीत. लहान मुलाला लवकर यश मिळणे हीही दुय्यम गोष्ट नव्हे. आक्षेप एवढाच की, घट्ट पिन सर्वत्र वापरण्याची सवय लागल्यास रचनेचे अज्ञान झाकले जाते. जेथे घर्षण हवे तेथे ते मागून घ्यावे, आणि जेथे भूमिती पुरेशी आहे तेथे त्याची मदत घेऊ नये, हा विवेक शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे. संच ते स्वतःहून करीत नाही.

आगकाडी आणि व्हॉल्व्ह ट्यूब

या विवेकाचे भारतीय उदाहरण अरविंद गुप्ता यांच्या कार्यात सापडते. आय.आय.टी. कानपूरमधून पदवी घेऊन पुण्याच्या टेल्को कारखान्यात काम करणारे गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडले गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि गूल खरवडलेल्या आगकाड्या यांपासून त्यांनी जोडणीचा एक संचच उभा केला. पुढे पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांचे काम महाराष्ट्रातील शिक्षकांपर्यंत पोहोचले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

या संचात पिनेची भूमिका रबरी नळी पार पाडते. तिची पकड घर्षणाची आहे. काडी नळीपेक्षा जाड असल्याने नळी ताणली जाते व काडीला आवळते. तिचे वळणे मात्र घर्षणाचे नाही, ते लवचीकतेचे आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. घर्षणाचा सांधा जेथे सोडला तेथेच थांबतो, लवचीक सांधा सोडताच मूळ स्थितीकडे परततो. म्हणून आगकाड्यांचा चौकोन दाबला की कलतो आणि त्रिकोण कलत नाही, ही गोष्ट तळहातावर दिसते. काट्याने किंवा सुईने नळीला भोक पाडून तिसरी काडी खोवली की चौफलक तयार होतो व सपाट आकृतीतून मूल घनाकृतीत प्रवेश करते. चौकोनाबाबत महागडी काळी पिन जे झाकते, ते रबराचा हा लहानसा तुकडा उघड करतो.

तथापि या संचाचे गौरवीकरण करणेही योग्य ठरणार नाही. त्याचा सांधा पूर्ण वर्तुळात फिरत नाही. त्यामुळे चाक, दंतचक्र, कप्पी यांचा अभ्यास त्यातून साधत नाही. भार वाढला की नळी वाकते. उष्णतेने व हवेतील ओझोनने रबर कडक होऊन तडकते. वाशीमसारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात संच दरवर्षी नव्याने तयार करावा लागेल, हे गृहीत धरले पाहिजे.

धांडा आणि बाभळीचा काटा

ज्वारीच्या धांड्यापासून गाडी, बैल, माणसे तयार करण्याचा खेळ ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. सोललेल्या धांड्याचा आतला मऊ गाभा हा या खेळातील ठोकळा असतो, आणि सालीच्या टोकदार चिमट्या किंवा बाभळीचे काटे ही पिन असते. काटा गाभ्यात शिरतो तेव्हा तो गाभा दाबतो आणि घट्ट बसतो. चार-सहा वेळा फिरवल्यावर मात्र दबलेला गाभा पूर्ववत होत नाही, भोक मोठे होते आणि तीच पिन सैल होते. घट्ट पिन व सैल पिन या येथे दोन वस्तू नाहीत. त्या एकाच सांध्याच्या दोन अवस्था आहेत. झिजेचा हा धडा कारखान्यात तयार झालेल्या अचूक पिनेतून सहसा लवकर मिळत नाही. वंगण का द्यावे, बैलगाडीचे चाक लडबडू का लागते, या प्रश्नांकडे येथून सरळ वाट जाते.

सोयाबीनचा विस्तार झाल्यापासून विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटले आणि तिच्याबरोबर धांडाही मुलांच्या हातून दूर होत गेला. तुरीची व कपाशीची काडी आजही विपुल आहे. पण ती टणक असल्याने काटा सहज आत घेत नाही. पीकपद्धती बदलली की मुलांची खेळणी आणि त्यांतून होणारे पदार्थांचे ज्ञानही बदलते, याची नोंद शिक्षणाच्या चर्चेत व्हावयास हवी.

मूल्यमापनाचे निकष

खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी देशात १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकांचे पालन अनिवार्य झाले आहे. ही मानके मुख्यतः सुरक्षिततेची आहेत. टोके, विषारी द्रव्ये, गिळले जाणारे भाग यांची तपासणी ती करतात आणि ते अत्यावश्यक आहे. सांध्याचा शैक्षणिक कस पाहणे हे त्यांचे काम नाही. ते शाळेने व अध्यापक विद्यालयाने करावयाचे आहे. त्यासाठी पुढील प्रश्न पुरेसे होतील. संचात घट्ट आणि मोकळा असे दोन्ही सांधे उपलब्ध आहेत काय? त्यांतील फरक रंगाने, आकाराने किंवा स्पर्शाने मुलाला ओळखता येतो काय? एका पिनेवरचा चौकोन व त्रिकोण यांची तुलना त्यात करता येते काय? पिना हरवल्यास त्या जागी स्थानिक वस्तू वापरता येते काय? केवळ घट्ट सांधे देणारा संच कितीही भागांचा असला तरी या कसोटीवर अपुरा ठरतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, पिनेतील घर्षण हा खेळण्याचा गौण तांत्रिक तपशील नाही. ते मुलाला कोणते सत्य दिसेल आणि कोणते झाकले जाईल हे ठरवते. मेकॅनोत घर्षणाचा निर्णय मुलाकडे आहे, टेक्निकमध्ये तो पिनेच्या रंगात आहे, व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये घर्षण पकडीपुरते राहून वळण्याचे काम लवचीकता करते, आणि धांड्यात घर्षण वापरासरशी संपत जाते. यांपैकी एकही संच परिपूर्ण नाही. एकत्रितपणे ते परस्परांना पूरक आहेत. वाशीम जिल्ह्यातील शाळेला एक महागडा संच मिळाला असेल, तर त्याच्या शेजारी आगकाड्या, सायकलच्या दुकानातील नळी आणि बाभळीचे काटे ठेवले जावेत. आधी मोकळ्या पिनेने चौकोन कोसळू द्यावा, कर्ण देऊन तो उभा करू द्यावा आणि त्यानंतरच घट्ट पिन मुलाच्या हाती द्यावी. या क्रमाला जास्तीचा खर्च लागत नाही. हा क्रम पाळला तर उभ्या राहिलेल्या चौकटीबरोबर ती का उभी आहे याचे उत्तरही मुलापाशी असेल.