त्र्याण्णव चित्रे आणि एक कादंबरी

जुनी वस्तू सापडली की तिच्यावरची धूळ पुसावी, ही आपली पहिली प्रवृत्ती असते. आणि बहुतेक वस्तूंच्या बाबतीत ती योग्यही असते. परंतु तेहतीस वर्षे बर्फात पडून राहिलेल्या, न धुतलेल्या फिल्मवरची चित्रे जेव्हा वर काढली जातात, तेव्हा धूळ कोणती आणि वस्तू कोणती, हे ठरवावयाचे कोणी? हा प्रश्न फोटोग्राफरांइतकाच कादंबरीकारांचाही आहे, म्हणूनच मी त्यात हात घालीत आहे.

प्रकरण स्वीडनचे आहे. ११ जुलै १८९७ रोजी इंजिनियर आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल हे तिघे स्पिट्सबर्गेनजवळच्या डेन्स बेटावरून हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तिसऱ्या दिवशी बलून बर्फावर उतरले. मग घसरगाड्या ओढीत तिघांनी जवळजवळ तीन महिने बर्फावर काढले, आणि शेवटी क्वितोया नावाच्या ओसाड बेटावर त्यांना मरण आले. जगाला यातले काहीही कळले नाही. १९३० च्या ऑगस्टात एका नॉर्वेजियन जहाजावरच्या लोकांना त्यांचा तळ सापडला. सप्टेंबरात दुसरी बोट गेली, तिला स्ट्रिंडबर्गच्या फिल्मचा डबा मिळाला. (हा स्ट्रिंडबर्ग नाटककार स्ट्रिंडबर्गच्या नात्यातला.) स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातील जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या फिल्म धुतल्या, आणि सुमारे २४० पैकी ९३ चित्रे हाती आली.

या कामातली अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. फिल्मवर प्रकाश पडला की चांदीच्या क्षाराच्या कणांत अगदी सूक्ष्म फरक पडतो; डोळ्यांना काहीच दिसत नाही. धुताना रसायन तेवढ्याच कणांना हेरून काळे करते, आणि चित्र उमटते. रोल वर्षानुवर्षे तसाच राहिला तर ही अदृश्य खूण हळूहळू विरत जाते. उलट ज्या कणांना प्रकाश कधी शिवलाच नव्हता, ते उष्णतेने आणि नुसत्या वयाने बिघडतात, आणि धुताना तेही काळे पडतात. म्हणजे चित्र खाली बसत जाते आणि धुके वर चढत येते. धुणाऱ्याने जोर केला तर दोन्ही वाढतात, हात आखडला तर दोन्ही हातची जातात. क्वितोयाच्या थंडीने ही झीज मंदावली, एवढेच त्या माणसांचे नशीब. आमच्या कोकणात असा डबा राहिला असता तर दोन-चार पावसाळ्यांतच फिल्मवरच्या जिलेटिनचा बुरशीने फन्ना उडविला असता.

हर्ट्झबर्गांचे काम मला थोर वाटते ते यासाठी की, जे फिल्मवर होते तेवढेच त्यांनी धुण्यातून वर आणले. त्यानंतरची कथा मात्र तितकी सरळ नाही. त्या चित्रांची पुढे झालेली छपाई पाहिली तर कुठे ओल्याचे डाग, ओरखडे, पांढरे ठिपके जसेच्या तसे आहेत, तर कुठे ते सारवून आकाश गुळगुळीत केलेले आहे. आडव्या पडलेल्या बलूनकडे पाहत उभे असलेले आंद्रे आणि फ्रेंकेल, हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध चित्र. वर्गात मुलांपुढे त्याच्या दोन्ही प्रती ठेवल्या तर मुले स्वच्छ प्रतच पसंत करतील. त्यात त्यांचे काही चुकते असे नाही. त्यांना दोन माणसे आणि एक बलून पाहावयाचे असते. पण त्या गुळगुळीत आकाशातला प्रत्येक इंच स्टॉकहोमच्या टेबलावर तयार झालेला असतो, बर्फावर नव्हे. आपल्याकडेही स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून आजोबांच्या तोंडावरचे देवीचे व्रण घालवीत. फोटो सुरेख येई, फक्त त्यातले आजोबा कोणाचेही आजोबा असू शकत. आता तर हे काम संगणक क्षणात करतो, आणि बुजलेल्या चेहऱ्याच्या जागी संभवनीय चेहरा बसवून देतो.

दुसऱ्या टोकाला डॅनिश कलावंत योआकिम कोस्टर. त्याने २००५ साली 'आंद्रेकडून आलेला निरोप' अशा अर्थाच्या नावाची एक छोटी फिल्म केली. तिच्यात माणसे नाहीत, बलून नाही. आहेत ते निगेटिव्हवरचे डाग आणि ठिपके, पडद्यावर नाचणारे. कल्पना बुद्धिमान आहे, आणि थंड आहे. सारवणाऱ्याने काळाला हाकलले. कोस्टरने काळ ठेवून माणसांना हाकलले. उपाशीपोटी गाड्या ओढणाऱ्या तिघांच्या वाट्याला शेवटी नक्षी यावी, हे मला पटत नाही.

मला पटतो तो पेर ओलोफ सुंदमान. त्याची या प्रवासावरची कादंबरी १९६७ साली आली, तिला पुढल्या वर्षी नॉर्डिक परिषदेचे पारितोषिक मिळाले. आंद्रेने रोजनिशी ठेवली होती; स्ट्रिंडबर्गने वाग्दत्त वधूला उद्देशून लघुलिपीत मजकूर लिहिला होता. फ्रेंकेलच्या मागे राहिल्या त्या हवामानाच्या रुक्ष नोंदी. सुंदमानने निवेदक केला तो हाच फ्रेंकेल! जिथे फिल्म सर्वांत काळी, नेमकी तिथे तो जाऊन बसला. शिवाय त्याने गद्यही कोरडे ठेवले. भावनेला पूर आणण्याची संधी पानोपानी असताना त्याने ती सोडली आहे. यात कल्पनेचा भाग थोडाथोडका नाही. पण मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापलेले आहे, आणि दुसऱ्याच वर्षी त्याने मूळ कागदपत्रांचे वेगळे पुस्तक काढून आपला पुरावा वाचकापुढे ठेवला. आपल्या ऐतिहासिक कादंबरीकारांपैकी किती जणांनी हे केले? बखरीत नसलेले संवाद रचण्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही ते रचतो. ते संवाद शाळेच्या स्नेहसंमेलनात इतिहास म्हणून म्हटले जातात आणि लेखक व्यासपीठावर बसून मान डोलावतो, तेव्हा मला त्या गुळगुळीत आकाशाची आठवण होते.

टायरोन मार्टिन्सन या स्वीडिश अभ्यासकाचे म्हणणे असे की, संशोधकांनी रोजनिश्याच वाचल्या, चित्रांना पुरावा म्हणून पुरेसे महत्त्व दिले नाही. हे खरे आहे. पण चित्र वाचावयाचे तर कोणती प्रत वाचतो आहोत हे आधी कळले पाहिजे. बलूनच्या त्या चित्रात डावीउजवीकडे पांढरे ठिपके दिसतात. मी भिंग लावून पाहिले. ते बर्फाचे कण नाहीत, फिल्मवर पडलेली झीज आहे, हे आपल्याला बाहेरून सांगावे लागते. चित्र स्वतः ते सांगत नाही. प्रकाशकांनी चित्राखाली आंद्रेचे नाव छापावे, फ्रेंकेलचे छापावे, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या स्ट्रिंडबर्गचेही छापावे. आणि आणखी एक ओळ छापावी, की ही प्रत सारवलेली आहे किंवा नाही. एका ओळीला शाई ती किती लागणार?