एकसारख्या यंत्रांचे गृहीतक : आभासी सर्व्हरच्या स्थलांतरविषयक एका निबंधाची चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकशास्त्रातील काही निबंधांचे प्रतिपादन पुढे उद्योगव्यवहाराचा पाया बनते, आणि त्यांतील गृहीतके मात्र विस्मरणात जातात. ख्रिस्तोफर क्लार्क, कीअर फ्रेझर, स्टीव्हन हँड, इयान प्रॅट आदी आठ संशोधकांनी २००५ साली एनएसडीआय परिषदेत सादर केलेला 'लाइव्ह मायग्रेशन ऑफ व्हर्च्युअल मशीन्स' हा निबंध या वर्गात मोडतो. एका सर्व्हरवर चालू असलेले आभासी यंत्र बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर कसे नेता येईल, हा त्याचा विषय होय. ज्या प्रत्यक्ष सर्व्हरवर अशी अनेक आभासी यंत्रे नांदतात, त्याला व्यवहारात 'होस्ट' म्हणतात. होस्टची देखभाल सुकर व्हावी आणि हार्डवेअर व सॉफ्टवेअर यांची स्वच्छ फारकत व्हावी, हे निबंधकर्त्यांनी सांगितलेले प्रमुख लाभ आहेत. प्रस्तुत लेखात या लाभांचीच चिकित्सा अभिप्रेत आहे. कारण होस्टचे अपग्रेड हे ज्या कार्यांसाठी स्थलांतर हवे असते त्यांपैकी एक आहे, आणि तेच कार्य स्थलांतराच्या मूळ अटीला धक्का लावते.

पद्धतीचे स्वरूप :

निबंधातील युक्ती साधी व म्हणूनच सुंदर आहे. आभासी यंत्र चालू असतानाच त्याच्या स्मृतीची सर्व पृष्ठे नव्या होस्टवर पाठविली जातात. दरम्यान जी पृष्ठे बदलली ती पुन्हा पाठविली जातात, मग त्या काळात बदललेली. उरलेला भाग पुरेसा लहान झाला की यंत्र क्षणभर थांबवून तो आणि प्रोसेसरची स्थिती नेली जाते. डिस्क हलवावी लागत नाही, कारण ती दोन्ही होस्टना समाईक अशा साठवणूक-यंत्रावर असते. 'क्वेक ३' या खेळाच्या सर्व्हरबाबत हा खंड सुमारे ६० मिलिसेकंद, तर वेब सर्व्हरच्या कठोर चाचणीत २१० मिलिसेकंद भरला. स्मृतीत अखंड लिहीत राहणारा एक मुद्दाम रचलेला प्रोग्रामही निबंधकर्त्यांनी तपासला. तेथे खंड ३.५ सेकंदांवर गेला. स्वतःच्या पद्धतीला प्रतिकूल असे उदाहरण स्वतःच देण्याचा हा प्रामाणिकपणा दखलपात्र आहे.

गृहीतकाची मर्यादा :

मात्र या सर्व चाचण्या डेल पीई-२६५० या प्रकारच्या दोन एकसारख्या सर्व्हरांवर झाल्या. प्रयोगाच्या दृष्टीने हे योग्यच. एका वेळी एकच घटक बदलावा, हा प्रयोगशास्त्राचा नियम. आक्षेप आहे तो पुढच्या उडीविषयी. पुढील कामाच्या विभागात समूह-व्यवस्थापन, दूरच्या जाळ्यांतील पुनर्निर्देशन आणि डिस्कचे स्थलांतर हे तीन विषय येतात. दोन होस्टचे प्रोसेसर भिन्न असले तर काय, या प्रश्नाला तेथे स्वतंत्र स्थान नाही. हार्डवेअरपासूनची फारकत सिद्ध झाली ती हार्डवेअर एकच असताना, हे विसरून चालणार नाही.

महाविद्यालयीन वाचकास ही अडचण समजण्यास वेळ लागू नये. अनुदान ज्या वर्षी हाती येते त्या वर्षी सर्व्हर घेतला जातो. दुसरा घेईपर्यंत पहिल्याचे मॉडेल बाजारातून गेलेले असते.

अतिथी प्रणाली सुरू होताना प्रोसेसरला त्याच्या क्षमता विचारते आणि मिळालेल्या उत्तरावर विसंबून पुढे चालते. जुन्या होस्टवर सुरू झालेले यंत्र नव्यावर जाते, कारण तेथे जुन्या क्षमता बहुधा असतातच. तेच यंत्र नव्या होस्टवर बंद करून पुन्हा सुरू केले, की त्याला नव्या क्षमता दिसतात आणि परतीची वाट बंद होते. व्हीएमवेअरने २००८ साली आणलेली 'ईव्हीसी' ही सोय या दोषावरील उतारा होय. समूहातील सर्व होस्ट एका ठरावीक जुन्या पिढीच्या क्षमताच दाखवतील, अशी ती तजवीज. म्हणजे एकसारखी जोडी नसेल तर तिचे सोंग आणायचे, आणि त्यासाठी नव्या यंत्राचे नवेपण झाकायचे. इंटेल व एएमडी यांच्यातील दरी तर या सोयीनेही बुजत नाही.

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी २०१८ मधील आहे. 'स्पेक्टर' हा प्रोसेसरमधील दोष उघड झाल्यावर होस्टना सुरक्षा-दुरुस्ती व नवा मायक्रोकोड देणे भाग पडले. त्या दुरुस्तीनेच प्रोसेसरच्या नव्या क्षमता अतिथी प्रणालींना दिसू लागल्या. परिणामी हार्डवेअर तेच, पण एक होस्ट दुरुस्त आणि दुसरा व्हायचा, एवढ्या फरकानेही स्थलांतर अडू शकले. ईव्हीसी समूहात सर्व होस्ट दुरुस्त होईपर्यंत नव्या क्षमता लपवून ठेवण्याची व्यवस्था झाली; पण त्यासाठी नियंत्रक असलेले व्हीसेंटर आधी अद्ययावत असणे आवश्यक होते. त्याच महिन्यात, काही यंत्रे अकारण रीबूट होऊ लागल्याने, इंटेलने हा मायक्रोकोड तूर्त न वापरण्याचा सल्ला दिला. पुढे गेलेल्यांना मागे फिरावे लागले. मिलिसेकंदांच्या मापनात या प्रकाराला कोठेच जागा नाही. निबंध यशस्वी स्थलांतराचा कालावधी मोजतो, अडलेल्या स्थलांतराचा नव्हे.

दोषनिदानाची भाषा :

अडलेल्या स्थलांतराविषयी यंत्रणा काय सांगते, हेही तपासण्यासारखे आहे. व्हीएमवेअरच्या व्यवहारात '१४ टक्क्यांवर थांबले' ही तक्रार सुपरिचित आहे. अननुभवी व्यवस्थापक याचा अर्थ सातवा हिस्सा काम झाले असा घेतो. वस्तुतः त्या टप्प्यावर दोन होस्टमधील स्थलांतराचे जाळेच जुळलेले नसते. म्हणजे स्मृतीचे मुख्य वहन सुरूही झालेले नसते. टक्का येथे प्रमाण दाखवीत नाही, ठिकाण दाखवितो. कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. होस्टवर पाकिटाची कमाल मर्यादा ९००० बाइट ठेवलेली असते आणि मधल्या स्विचवर ती वाढवायची राहून गेलेली असते. साधा 'पिंग' निर्वेध जातो, कारण त्याचे पाकीट लहान. पाकिटाचे तुकडे न करण्याच्या अटीवर ८९७२ बाइटांचा पिंग पाठविला, की दोष उघडा पडतो. उरलेले २८ बाइट शीर्षांचे असतात. होस्ट रिकामा होण्यास नकार देतो तेव्हा प्रोसेसरवर संशय घेण्यापूर्वी एखाद्या यंत्राला होस्टच्याच डिस्कवरील सीडीची प्रतिमा जोडलेली राहिली आहे काय, हे पाहणे श्रेयस्कर.

दोनच होस्टच्या समूहात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. एक होस्ट अपग्रेडसाठी रिकामा केला की सर्व भार दुसऱ्यावर येतो. प्रवेशप्रक्रिया व निकाल एकाच यंत्राच्या भरवशावर राहतात. व्हीस्फिअर ७ ची सर्वसाधारण साहाय्यसेवा २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे, तेथवर थांबलेल्या संस्थांना हे पाऊल फार काळ टाळता येणारे नाही. क्रम ठरलेला आहे : प्रथम व्हीसेंटर, नंतर एकेक होस्ट, मग अतिथी प्रणालींतील साहाय्यक साधने, आणि सर्वांत शेवटी आभासी हार्डवेअरची आवृत्ती. ही आवृत्ती वाढविलेले यंत्र जुन्या होस्टवर चालत नाही. त्यामुळे शेवटचा होस्ट अद्ययावत होऊन काही दिवस सुरळीत चालेपर्यंत तिला हात लावू नये.