माडगावकरांची मुंबई आणि गोदीतले सुतार

गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' मी हातात घेतलं ते जुनी मुंबई बघायला मिळेल म्हणून. पोर्तुगीज, इंग्रज हा मागचा इतिहास त्यात आहेच, पण पुस्तकाचा खरा जीव त्यांच्या 'आज'मध्ये आहे. साल १८६३. मुंबई-ठाणे आगगाडीला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. कापडगिरण्या नव्या होत्या आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये ती तेजी कोसळली, माडगावकरही त्याच वर्षी गेले. म्हणजे पुढे काय होणार हे ठाऊक नसताना केलेलं हे वर्णन आहे. यंत्र बंद पडल्यावर कारणं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चालू असताना रीडिंग लिहून ठेवणारा विरळा. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थाने ते काम केलं.

माझी तक्रार वेगळी आहे. शेटांना नावं आहेत, साहेबांना आहेत, शाळा-इस्पितळांना आहेत. हाताने काम करणारा माणूस मात्र बहुधा जातीच्या किंवा धंद्याच्या नावानेच येतो.

मुंबईच्या गोदीचंच बघा. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून आले, पुढे पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्याने जहाजं बांधली. जमशेदजी बमनजींच्या हाताखाली १८१७ मध्ये झालेलं 'ट्रिंकोमली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं! पण त्याच्या फळ्यांचे सांधे ज्यांनी बसवले, त्या सुतारांची नावं आपल्याला कुठे माहीत आहेत?

अर्थात एकट्या माडगावकरांना काय बोलायचं? आम्हा इंजिनिअरांच्या ड्रॉइंगवरही काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची सही असते. फिटरचं नाव शिफ्टच्या रजिस्टरात, आणि ते रजिस्टर काही वर्षांनी रद्दीत.

आपण भोपाळकर तरी काय करतोय? बेगमांवर भरभरून लिहितो. पण 'भेल'च्या कारखान्यासाठी महाराष्ट्रातून येऊन इथे सोनागिरी-पिपलानीच्या बाजूला राहिलेल्या मंडळींबद्दल किती लिहिलंय? पहिल्या पिढीतले लोक आता फार थोडे उरलेत. पुढच्या बैठकीला मी माझ्या गल्लीतल्या तिघा जुन्या वेल्डरांची नावं, गाव आणि खातं लिहून आणतोय. कुणाच्या घरी ट्रंकेत जुना गेटपास किंवा खात्याचा ग्रुप फोटो असेल तर घेऊन या. फोटोमागे नावं लिहिलेली नसतील, तर येण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या.