नियम विद्यापीठाचे, पाऊस कर्जतचा

विद्यापीठाची नियमावली हा काही आवडीने वाचण्याचा ग्रंथ नव्हे. प्रवेश अडला, निकाल राखून ठेवला किंवा एखादा विषय राहिला, की मगच तिची आठवण होते. तरीही विज्ञानाच्या एखाद्या पुस्तकाचे करतो तसे तिचेही परीक्षण करता येते, असे आम्हांला वाटते. तिच्यात काही गृहीतके असतात, मोजण्याची एकके असतात, थोडी आकडेमोड असते. ही गृहीतके प्रत्यक्षाशी जुळतात की नाही, हे पडताळून पाहणे हा तर विज्ञानाचाच मार्ग.

पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे नवे नियम आपण येथे असेच तपासून पाहू. पडताळणीसाठी ठिकाण निवडले आहे रायगड जिल्ह्याचा डोंगराकडचा भाग, म्हणजे कर्जत व खालापूर हे दोन तालुके. कर्जतला कोंकण ज्ञानपीठाचे आणि खोपोलीला के. एम. सी. महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. येथील मुले पदवीपर्यंत घरच्या भाकरीवर शिकू शकतात. प्रश्न पुढचा आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्र शासनाने एप्रिल-मे २०२३ मध्ये त्यानुसार अभ्यासक्रमांचा आराखडा ठरवून दिला आणि २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना तो लागू झाला. त्याचे मूळ एकक आहे श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट. तासिकेच्या विषयात एका सत्रातील १५ तासांचा एक श्रेयांक. प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रावर ३० तासांचा एक. दोन वर्षांच्या पदवीचे चार सत्रांत मिळून जास्तीत जास्त ८८ श्रेयांक, म्हणजे सत्राला २२. पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते, दोन्ही वर्षे पूर्ण करणाऱ्याला पदवी.

या २२ श्रेयांकांचे वाटपही पाहण्यासारखे आहे. पहिल्या सत्रात संशोधनपद्धती या विषयाला ४ श्रेयांक. पहिल्या वर्षाच्या अखेरीस प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प यांना ४. तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४, चौथ्यात ६. केवळ पाठांतरावर पदव्युत्तर पदवी मिळू नये, विद्यार्थ्याने स्वतः काही शोधावे, मोजावे, लिहावे, हा हेतू यातून स्पष्ट दिसतो. हेतू उत्तम आहे. त्याबद्दल नियम करणाऱ्यांचे मोकळेपणाने कौतुक केले पाहिजे.

आगगाडीतील श्रेयांक

आता पडताळणी. विज्ञान शाखेच्या एखाद्या सत्रात १४ श्रेयांक तासिकांचे व ८ प्रयोगांचे आहेत असे धरू. तासिकांचे १४ गुणिले १५, म्हणजे २१० तास. प्रयोगांचे ८ गुणिले ३०, म्हणजे २४० तास. एकूण ४५० तास. सत्र १५ आठवड्यांचे. आठवड्याला ३० तास, सहा दिवसांत विभागले तर रोजचे ५ तास.

कर्जतच्या ज्या मुलीला तिच्या विषयाचा वर्ग जवळपास मिळत नाही, ती मुंबईला जाणार. कर्जत ते कुर्ला लोकलने दीड-पावणेदोन तास. घरापासून स्थानक आणि तिकडे स्थानकापासून वर्ग धरला, तर एका बाजूचे अडीच तास सहज होतात. खोपोलीकराला कर्जतपर्यंतचा १५ किलोमीटरचा फाटा आणखी ओलांडावा लागतो. रोजचे ५ तास, सहा दिवस, १५ आठवडे. गुणाकार करून पाहा, उत्तर ४५० तास येते!

म्हणजे जितका वेळ शिकण्यात, तितकाच गाडीत. प्रयोगशाळेच्या दराने हे १५ श्रेयांक झाले, पण ते कोणत्याही गुणपत्रिकेत जमा होत नाहीत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला हेच ४५० तास वाचनाला, विश्रांतीला मिळतात. दोघांची परीक्षा एक, श्रेणी देण्याची रीत एक. नियमाच्या दृष्टीने दोघे समान आहेत. घड्याळाच्या दृष्टीने नाहीत.

यावर उपाय खर्चाचा नाही. तेच ३० तास सहाऐवजी चार दिवसांत बसवले, तर रोजचे साडेसात तास होतात. दिवस दमवणारा खरा, पण प्रवास सत्राला ३०० तासांवर येतो आणि १५० तास मोकळे होतात. प्रयोगाच्या मोजमापाने ते ५ श्रेयांक! वेळापत्रक ठरवणाऱ्याने कागदावर एक ओळ बदलली, तर एवढा वेळ निर्माण होतो. नियमावलीत श्रेयांकांचे तास बारकाईने मोजले आहेत. ते तास किती दिवसांत विभागावेत याचा विचार मात्र तिने केलेला नाही.

हजेरीचेही असेच. ७५ टक्के हजेरीची अट योग्यच आहे. वर्गात न येता पदवी मिळू नये. ९० दिवसांच्या सत्रात साधारण २२ दिवसांची सूट त्यातून मिळते. परंतु उल्हास नदीला पूर आला की कर्जतची गाडी थांबते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात हजाराहून अधिक प्रवाशांसह अडकली, हे अनेकांना आठवत असेल. ही सूट आजारपणासाठी असते. ती आधी पावसालाच द्यावी लागली, तर आजारपणासाठी काय उरते?

प्रकल्प पावसाचा, सत्र उन्हाळ्याचे

नियमावलीतील सर्वांत मोठी विसंगती आम्हांला दिसली ती मात्र दुसरीकडेच. क्षेत्रीय प्रकल्पाचे ४ श्रेयांक म्हणजे १२० तास. ते दुसऱ्या सत्राच्या खाती मांडले आहेत, आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण त्या सत्रानंतरच्या उन्हाळी सुटीत करावे, अशी अपेक्षा आहे. थोडक्यात हिवाळा ते मे महिना.

कर्जत-खालापूरला अभ्यासण्याजोगे काय आहे, याची एक यादी करू. कर्जतला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-७ या भाताच्या जाती आणि 'सह्याद्री' हा संकरित भात तेथलाच. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू आहे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली येऊन तेथे वीज देते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. भिवपुरीचे केंद्र १९२२ चे. आणि खालापूर तालुक्यातच इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री तेथे दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली.

या सर्वांना जोडणारा धागा एकच, पाऊस. भाताची लावणी, तलावांचे भरणे, नदीचा गढूळपणा, उतारावरील मातीत पाणी मुरणे, हे सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घडते. त्यांचे दिवस १२२. रोज एक तास काम केले, पर्जन्यमापक वाचला, विहिरीची पातळी मोजली, ओढ्याच्या पाण्याचा नमुना घेतला, तर १२२ तास होतात. प्रकल्पाला हवे आहेत १२०! जणू कोकणच्या पावसाळ्यावरच बेतलेला हा आकडा आहे. पण नियमाने तो ठेवला उन्हाळ्यात. राजनाल्याच्या पाण्यावर होणारे उन्हाळी भात सोडले, तर त्या काळात शिवारात पाहायला मिळतात ते भाताचे वाळलेले बुडखे आणि कोरडे ओढे.

तिसऱ्या सत्रातील संशोधन प्रकल्प पावसाळ्यात येतो, हे खरे. परंतु विषय ठरवणे, मार्गदर्शक मिळणे आणि साधने जमवणे होईपर्यंत पावसाळा निम्मा संपतो. पहिल्या पावसाची नोंद जूनमध्ये घ्यावी लागते; ऑगस्टमध्ये ती मिळवता येत नाही. म्हणून क्षेत्रीय प्रकल्प व तिसऱ्या सत्रातील प्रकल्प जोडून मे ते ऑक्टोबर असा सलग आठ श्रेयांकांचा करण्याची मुभा द्यावी. मूल्यमापन दोन वेळा करावे. निसर्गाचे सत्र मात्र तोडू नये.

पदवी एकीकडची, काम दुसरीकडचे

येथे एक आक्षेप येईल. गावात राहून केलेल्या कामावर देखरेख कोण करणार? दर्जा कसा राहणार? याचे उत्तर मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातच आहे.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या. त्या गुणवत्ता यादीत पहिल्या होत्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, ही त्यांतली एक. वर्षभराचे काम पाहिल्यावर रामन यांचे मत बदलले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले आणि त्या कामावर १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या.

या हकीकतीतून दोन धडे घेता येतात. पहिला असा, की प्रवेशाचा निकष लेखी व सर्वांना सारखा असणे हे दुबळ्याचे संरक्षण आहे. गुणवत्तेत पहिली आलेली विद्यार्थिनी एका माणसाच्या मतामुळे अडू शकते, तर इतरांची काय कथा? म्हणून नियमावलीची चेष्टा करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. दुसरा धडा असा, की पदवी मुंबईची आणि काम बंगळूरचे, हे नव्वद वर्षांपूर्वी चालले. मग पदवी मुंबईची आणि काम कर्जतच्या भातखाचरातले, हे आज का चालू नये? कृषी केंद्रातील शास्त्रज्ञ, वीजकेंद्रातील अभियंता किंवा अनुभवी शिक्षक यांना सहमार्गदर्शक म्हणून मान्यता द्यावी. अहवाल मराठीत लिहिण्याची मोकळीक असावी. मोजमाप अचूक आहे की नाही, ते भाषेवर अवलंबून नसते.

दार उघडे, पायरी उंच

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमावलीने आणखी एक दार उघडले. पदवीला कोणताही विषय असला, तरी हव्या त्या विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदव्युत्तर वर्गात जाता येते. वनस्पतिशास्त्राच्या मुलाला हवामानशास्त्राकडे वळावेसे वाटले, तर पूर्वी त्याची वाट बंद होती. आता ती मोकळी झाली, हे चांगलेच. पण मधल्या विषयाची तयारी करून घेणारा पूरक वर्ग नसेल, तर हे दार शिकवणीला पैसे भरू शकणाऱ्यालाच उघडेल.

एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याच्या सोयीलाही दोन बाजू आहेत. पूर्वी पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटले, तर हाती काहीच राहत नसे. आता निदान कागद राहतो, आणि श्रेयांक पेढीत जमा झालेले श्रेयांक पुढे उपयोगी पडतात. पण कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते, तेथे पदविका पुरत नाही. ही गोष्ट विद्यार्थ्याला बाहेर पडण्याआधी सांगितली पाहिजे. प्रवासाने दमलेला विद्यार्थी अर्ध्यावर थांबला, तर त्याला निवड म्हणू नये.

आशेची एक जागा मात्र आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांच्या पदवीचा ढाचा २०२४-२५ पासून सुरू झाला. ती तुकडी २०२८ मध्ये चौथे वर्ष पूर्ण करील आणि तिला पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळू शकेल. तीन अधिक दोन काय किंवा चार अधिक एक काय, बेरीज पाचच. पण चौथे वर्ष कर्जत-खोपोलीतच झाले, तर गाडीतले एक वर्ष वाचते. त्यासाठी तेथे प्रयोगशाळा आणि पुरेसे प्राध्यापक हवेत. आपल्या तालुक्यात चौथे वर्ष कोणत्या विषयांत सुरू होणार, हा प्रश्न शिक्षकांनी व पालकांनी आताच विचारायला हवा.

वाचक शिक्षकांना एवढेच सुचवतो. बारावीच्या किंवा पदवीच्या मुलांकडून आपल्या गावासाठी वरचा ४५० तासांचा हिशेब करून घ्या. गाव बदलेल तसा आकडा बदलेल. असे काही गावांचे आकडे एकत्र करून विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे पाठवले, तर तक्रारीपेक्षा त्यांना अधिक वजन येईल. नियम माणसांनी केलेले असतात, आणि मोजून दाखवले की ते बदलतातही. पावसाचे वेळापत्रक मात्र आपल्या हातात नाही. जुळवून घ्यायचे ते नियमांनीच.