आगीची साधीसुधी हकिकत

गिटार शिकायला घेतलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात डीप पर्पल या बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवून बघतो आणि बहुतेक वेळा चुकीचं वाजवतो. पिकने तारा खरवडल्या की त्या रिफमधला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीतला, गोलावा जातो. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर बोटांनी दोन तारा एकदम छेडतो. त्या दोन सुरांत षड्ज-मध्यमाचं अंतर आहे. वरच्या ओळीतला पहिला सूर षड्ज मानून गुणगुणून पाहा: सा, कोमल गंधार, मध्यम, पुन्हा सा, कोमल गंधार, तीव्र मध्यमाला ओझरता स्पर्श आणि लगेच शुद्ध मध्यम, तिसऱ्यांदा पहिल्यासारखंच, आणि गंधारावरून सा वर परत. सगळी गंमत त्या निसटत्या तीव्र मध्यमात आहे. तो काढला तर मागे उरते नुसती कवायतीची चाल.

रिफ सुरू होतो तेव्हा गिटार एकटीच असते. मग इयन पेसचं हाय-हॅट आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन येतो. हा ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्पमधून वाजवलेला असल्याने त्याचा आवाज खरखरीत झालाय. गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो ते कळत नाही. नंतर बाकीचे ड्रम, आणि शेवटी रॉजर ग्लोव्हरचा बेस. बेस येईपर्यंत गाण्याला जमीन नव्हती, हे तो आल्यावरच लक्षात येतं.

इतकी तयारी झाल्यावर गायक इयन गिलन किंचाळत येईल असं वाटतं, कारण त्याचा आवाज त्यासाठीच प्रसिद्ध. तो चक्क हकिकत सांगायला लागतो. डिसेंबर १९७१ मध्ये बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी रेकॉर्डिंगसाठी गेला होता. तिथल्या कसिनोत फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली. कसिनो जळून गेला आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. माँत्रोतल्या संगीत महोत्सवाचे आयोजक क्लोद नोब्स यांनी धावपळ करून मुलांना बाहेर काढलं. रेकॉर्डिंगची जागा गेली, मग बंद असलेल्या थंडगार ग्रँड हॉटेलात, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ दाराशी उभा करून काम उरकलं. गाण्यात एवढंच आहे. ना शोक, ना आगीचं रूपक. कोण, कुठे, काय झालं, पुढे आम्ही काय केलं. बातमीदाराच्या या कोरडेपणामुळेच ध्रुवपदात आवाज एकत्र येऊन धुराचं चित्र उभं करतात तेव्हा ते अंगावर येतं. भावना ओतलेलं गाणं इतकं टिकलं असतं असं मला वाटत नाही.

बँडला स्वतःला या गाण्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. ‘मशीन हेड’ हा अल्बम १९७२ च्या मार्चमध्ये आला, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, पण सिंगल म्हणून निवडलं ते ‘नेव्हर बिफोर’. ते ३५ व्या क्रमांकावर थांबलं. ‘स्मोक ऑन द वॉटर’ अमेरिकेत सिंगल म्हणून निघालं ते थेट १९७३ च्या मेमध्ये, रेडिओसाठी चार मिनिटांच्या आत कापून. बिलबोर्ड हॉट १०० मध्ये ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. कापलेल्या आवृत्तीबद्दल माझी तक्रार आहे: या गाण्याला सावकाश पेटायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ कमी केला गेला. तरीही ते चाललं, कारण रिफला कात्री लावता येत नाही. ब्रिटनमध्ये तर सिंगल निघायला १९७७ साल उजाडलं. तिथे ते २१ व्या क्रमांकावर पोहोचलं.

अमेरिकेत गाणं जुलैअखेर चौथ्या क्रमांकावर होतं तेव्हा गिलन आणि ग्लोव्हर बँडमध्ये नव्हते. २९ जून १९७३ ला जपानमधल्या ओसाकात शेवटचा कार्यक्रम करून दोघं बाहेर पडले होते. ज्या आवाजाने ती हकिकत सांगितली, तो घरोघरी रेडिओवर वाजत होता आणि बँड नवा गायक शोधत होता. त्या सिंगलच्या दुसऱ्या बाजूला याच गाण्याचं प्रत्यक्ष मैफलीतलं रूप होतं, ‘मेड इन जपान’ या अल्बममधलं. तेही ओसाकाचंच, पण आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधलं, पाचही जण एका मंचावर असतानाचं. तबकडी उलटवण्याची तसदी ज्यांनी घेतली, त्यांना जास्त चांगलं गाणं मिळालं.